जखमेवांचून वेदना

वेदना म्हणजे काय हें कोणास शिकवावें लागत नाहीं. लेंकरूं बोलूं लागण्यापूर्वीं तें रडून आपली वेदना सांगतें, आणि मरणोन्मुख म्हाताऱ्याची वाचा बंद झाली तरी त्याच्या कपाळावरची आठी ती सांगतच असते. परंतु वेदनेविषयीं आपणां सर्वांच्या मनांत एक समजूत खोल रुजलेली आहे. ती ही कीं, जेथें वेदना आहे तेथें कांहींतरी इजा असलीच पाहिजे. भाजलें असेल, कापलें असेल, सुजलें असेल, निदान आंत कोठें तरी बिघडलें असेल. इजा नाहीं तर वेदनाही नाहीं, आणि कोणी आहे म्हणत असेल तर तो ढोंग करीत आहे, असा न्याय आपण वरचेवर देत असतों. हा न्याय कितपत बरोबर आहे, हें तपासून पाहण्याचा प्रसंग आतां एका नव्या यंत्रविद्येनें आणिला आहे. त्वचेस यत्किंचितही इजा न करितां भाजल्याची आग मनुष्यास जाणवावी, अशी युक्ति शास्त्रज्ञांस साधली आहे, आणि ती करमणुकीच्या यंत्रांतही येऊं लागली आहे. तेव्हां प्रश्न असा कीं, जखमेवांचून दिलेली वेदना ही खरी पीडा समजावी कीं नुसता भास? आणि ती देणाऱ्यावर कांहीं जबाबदारी येते कीं नाहीं?

ह्याचा विचार करण्यापूर्वीं ती युक्ति नीट समजून घेतली पाहिजे. आपली त्वचा ही कांहीं ताप मोजण्याचा थर्मामीटर नव्हे. हें कोणासही घरच्या घरीं पाहतां येईल. तीन घमेलीं घ्यावीं. एकांत सोसेल इतकें ऊन पाणी, दुसऱ्यांत विहिरीचें गार पाणी, व तिसऱ्यांत दोन्ही मिसळून कोमट पाणी भरावें. एक हात ऊन पाण्यांत व दुसरा गार पाण्यांत कांहीं वेळ बुडवून ठेवावा, आणि मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यांत घालावे. तेंच पाणी एका हातास गार लागेल व दुसऱ्यास ऊन लागेल. इंग्लंडांतील तत्त्ववेत्ता जॉन लॉक ह्यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस ह्याच गोष्टीकडे विचारी लोकांचें लक्ष वेधलें होतें. पाणी एकच, परंतु दोन हातांची साक्ष दोन प्रकारची.

दुसरें उदाहरण घरोघरच्या स्त्रियांच्या ओळखीचें आहे. मिरच्या कांडल्या कीं हातांची आग आग होते. हात पाहावे तर ते भाजलेले नसतात. तरी ती आग खोटी आहे असें म्हणण्याची छाती कोणास होणार नाहीं. ह्याचें कारण अमेरिकेंतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९७ सालीं उजेडांत आणिलें. आपल्या संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंच्या टोकांवर जणूं एक दार आहे. उष्णता सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेली कीं तें उघडतें, आणि 'भाजत आहे' अशी वर्दी मेंदूकडे जाते. मिरचींतील तिखट द्रव्य हेंच दार उघडतें. पहारेकरी तोच, हांकही तीच. मग दारांत विस्तव आलेला असो वा मिरची आलेली असो. उष्णता व वेदना ह्यांच्या संवेदनेविषयींच्या ह्या शोधाबद्दल ज्यूलियस ह्यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

आतां मुख्य युक्ति सांगतों. स्वीडन देशांतील टॉर्स्टेन थुनबर्ग ह्या वैद्यानें १८९६ सालीं असें दाखविलें कीं, कोमट व गार अशा पट्ट्या एकाआड एक लावून त्यांवर हात ठेविला असतां कोमटपणाही नीट कळत नाहीं व गारवाही नीट कळत नाहीं, तर चटका बसल्यासारखी विलक्षण आग होते. पुढें १९९४ सालीं क्रेग व बुशनेल ह्या दोघां संशोधकांनीं तिचें कारण शोधिलें. त्यांच्या जाळींतील एक पट्टी २० अंश सेल्सिअस, तर तिच्या शेजारची ४० अंश सेल्सिअस अशी होती. ४० अंश म्हणजे स्नानाचें ऊन पाणी, आणि २० अंश म्हणजे थंडीच्या दिवसांतील गार पाणी. ह्यांपैकीं कोणत्याही एका पट्टीनें कोणास भाजत नाहीं. पण सर्व पट्ट्यांवर मिळून हात ठेविला कीं पुष्कळांस आग होते. कांहींस ती फार तीव्र वाटते, तर कांहींस मुळींच होत नाहीं. त्या दोघांनीं दिलेलें कारण असें कीं, गारव्याची वर्दी देणारे तंतू एरवीं वेदनेच्या वर्दीस दाबून ठेवितात. शेजारच्या उबेमुळें गारव्याची हांक क्षीण होते, तो दाब सुटतो, आणि जी वेदना एरवीं दबलेली असते ती मोकळी होऊन मेंदूपर्यंत पोंचते. १९९६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंदूचीं चित्रें घेऊन असेंही दाखविलें कीं, खऱ्या चटक्याच्या वेळीं मेंदूचा जो एक भाग जागा होतो तोच ह्या जाळीनेंही जागा होतो. नुसत्या कोमट किंवा नुसत्या गार पट्ट्यांनीं तो जागा होत नाहीं.

ह्या युक्तीस आतां आभासी जगाची जोड मिळाली आहे. डोळ्यांवर एक बंद चष्मा बांधितात. त्यांत प्रत्येक डोळ्यापुढें एकेक चित्र असतें, आणि मनुष्य डोकें फिरवील त्याप्रमाणें चित्रही बदलतें. म्हणून आपण त्या चित्रांतील जागेंतच उभे आहों असें त्यास वाटूं लागतें. ह्यास व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. डोळ्यांस व कानांस असें फसवितां आलें. परंतु त्या जगांतील विस्तवास हात लाविला तरी हातास कांहींच लागत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठीं अंगास लागून राहतील अशा पातळ चकत्या तयार झाल्या आहेत. त्यांतून विजेचा प्रवाह सोडिला असतां एक बाजू तापते व दुसरी निवते, आणि प्रवाह उलटा केला कीं तापलेली बाजू गार होते. हा विजेचा गुण फ्रान्स देशांतील पेल्टिए ह्यानें १८३४ सालींच पाहिला होता. दक्षिण कोरियांतील टेगवे नांवाच्या कंपनीनें २०१७ च्या सुमारास अशीं साधनें लोकांपुढें मांडिलीं, आणि तीं ऊब व गारवा ह्यांबरोबर, दोहोंच्या मिश्रणानें वेदनाही जाणवूं देतात असें जाहीर केलें. थुनबर्गची जाळी आतां खेळणाऱ्याच्या मुठींत मावूं लागली आहे.

येथें कोणी म्हणेल, "ह्यांत वाईट काय आहे? कातडी भाजत नाहीं, फोड येत नाहीं, यंत्र बंद केलें कीं सर्व संपतें. हा तर केवळ भास. भासाला कोण भितो?" हें बोलणें वरवर पाहतां सयुक्तिक दिसतें. पण 'भास' ह्या एका शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी गुंडाळल्या आहेत, त्या उलगडून पाहिल्या पाहिजेत. अंधारांत दोरी पाहून साप भासला. दिवा आणिला, दोरी दिसली, साप गेला. येथें खोटें काय होतें? साप. भीति मात्र खरी होती. छाती धडधडली ती खरीच धडधडली. जाळीवर हात ठेवणाऱ्याची गोष्ट अशीच आहे. तेथें खोटा आहे तो विस्तव; वेदना खोटी नाहीं. शिवाय दोरीच्या सापाहून येथें एक गोष्ट अधिक आहे. दिवा आणिल्यावर भीति जाते. परंतु ह्या पट्ट्या कोमट व गार आहेत, त्यांनीं भाजत नाहीं, हें पुरतें ठाऊक असूनही आग होतच राहते. जी समजुतीनें जात नाहीं तिला नुसती गैरसमजूत कसें म्हणावें?

इतर वस्तूंच्या बाबतींत 'ती दिसते तशी आहे काय?' असें विचारतां येतें. सोनें पितळ निघूं शकतें, मित्र शत्रु निघूं शकतो. परंतु मला दुखत होतें आणि चौकशीअंतीं मला दुखत नव्हतेंच असें ठरलें, असें कधीं होत नाहीं. दुखण्याचें कारण सांगण्यांत मनुष्य चुकेल. दुखणें ज्या जागीं आहे असें त्यास वाटतें ती जागाही चुकेल. पण दुखत आहे ह्यांत चुकण्यास जागाच नाहीं. वेदनेचें असणें म्हणजेच तिचें जाणवणें होय.

वैद्यकानेंही हेंच मान्य केलें आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९७९ सालीं ठरविलेली वेदनेची व्याख्या २०२० सालीं सुधारली. तींत इजेमुळें किंवा इजेच्या संभवामुळें होणाऱ्या अप्रिय अनुभवाबरोबर, त्यासारखा जो अनुभव त्याचाही समावेश केला. आणि आपणांस वेदना होते असें जो सांगतो त्याच्या सांगण्याचा मान राखावा असेंही बजाविलें. आपल्या देशाचा कायदाही ह्याहून निराळें सांगत नाहीं. १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या ३१९ व्या कलमांत असें म्हटलें होतें कीं, दुसऱ्याच्या शरीरास वेदना, रोग किंवा दुर्बलता आणणें म्हणजे दुखापत करणें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें ११४ व्या कलमांत तोच अर्थ कायम ठेविला आहे. रक्त निघालें पाहिजे, वळ उठला पाहिजे, अशी अट तींत नाहीं.

वाचकहो, हें यंत्र आपल्या गांवीं येवो अगर न येवो, त्यानें शिकविलेला पहिला धडा आपल्या शेजाऱ्याविषयीं आहे. मळणीच्या यंत्रांत हात सांपडून तो कापावा लागलेला मनुष्य, जीं बोटें आतां नाहींत त्या बोटांत कळ येते म्हणून रात्रभर तळमळतो. घरचीं माणसें म्हणतात, ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. अमेरिकेंतील वैद्य सायलस वेअर मिचेल ह्यानें तेथील यादवी युद्धांत हातपाय गमावलेल्या शिपायांत हीच गोष्ट पाहून १८७१ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. आज तिजविषयीं कोणाही डॉक्टरास शंका नाहीं. मधुमेहाच्या रोग्याच्या तळपायांची आग होते. पाय पाहावे तर वर कांहीं दिसत नाहीं. सून म्हणते डोकें ठणकतें. अंगांत ताप नाहीं म्हणून तिला पाणी भरावयास धाडितात. ह्या सर्वांस आपण एकच प्रश्न विचारतों, 'इजा कोठें आहे ती दाखव.' कोमट व गार पट्ट्यांच्या जाळीनें ह्या प्रश्नाचें उत्तर कायमचें दिलें आहे. इजा दाखवितां आली नाहीं, एवढ्यावरून वेदना नाहीं असें ठरत नाहीं.

मग कृत्रिम रीतीनें वेदना उत्पन्न करणें हें सर्वथा वाईटच समजावें काय? उतावळा निकाल देण्यापूर्वीं एका सत्पुरुषाचा प्रयत्न पाहूं. डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ सालीं तमिळ प्रदेशांतील कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटीं झाला. १९४६ सालीं ते वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले, आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर उपचार करूं लागले. बोटें झडतात तीं रोगानें कुजून झडतात, असा तेव्हां सर्वांचा समज होता. ब्रँड ह्यांनीं दाखविलें कीं, रोगानें मज्जातंतू बधिर होतात, आणि दुखणें कळत नाहीं म्हणून रोगी स्वतःच्या हातापायांचा नाश स्वतःच करून घेतो. गंजलेल्या कुलुपांत किल्ली अडकली असतां एका मुलानें ती जोर करून फिरविली. त्याचें बोट हाडापर्यंत कापलें गेलें, तरी त्यास पत्ता नव्हता. तेव्हां वेदना ही शत्रु नसून राखणदार आहे, असें ते जन्मभर सांगत राहिले.

पुढें अमेरिकेंतील कारव्हिल येथें असतांना त्यांनीं बधिर हातापायांसाठीं कृत्रिम वेदना तयार करण्याचा यत्न केला. हातमोज्यांत व पायमोज्यांत दाब ओळखणारीं साधनें बसवून, दाब अधिक झाला कीं सूचना मिळावी अशी योजना होती. सूचना आवाजानें दिली, रोगी ती मनावर घेईनात. मग विजेचा झटका दिला; तेव्हां रोगी हातांतील काम पुरें करण्यासाठीं ती साधनेंच बंद करून ठेवूं लागले. शेवटीं तो यत्न सोडावा लागला, आणि ब्रँड ह्यांनीं त्यांतून असें अनुमान काढिलें कीं, जी वेदना आपणांस वाटेल तेव्हां बंद करितां येते ती राखण करूं शकत नाहीं.

ह्या अनुमानाचा आपल्या प्रश्नाशीं निकट संबंध आहे. आभासी जगांत वेदना आणूं पाहणारे पुष्कळदां असें म्हणतात कीं, ह्या योगें सुखी मनुष्यास दुःखी मनुष्याची अवस्था कळेल व त्याचें अंतःकरण द्रवेल. हेतु चांगला आहे. पण येथें एक पेंच आहे. ज्याच्या हातांत बंद करण्याची कळ आहे त्यास वेदनेची चव कळेल, परंतु दुःखिताची अवस्था कळणार नाहीं. कारण कळ नसणें हेंच दुःखिताचें खरें दुःख आहे. भाजलेल्या मनुष्यास उद्यांही ड्रेसिंग चुकत नाहीं, आणि परवांही चुकत नाहीं. बरें, ती अवस्था पुरती कळावी म्हणून खेळणाऱ्याच्या हातून कळ काढून घेतली, तर तो खेळ राहत नाहीं. एका मनुष्यानें दुसऱ्याचा छळ करणें एवढेंच उरतें. म्हणून पांच मिनिटें आग सोसून 'मला आतां सर्व कळलें' असें म्हणत बाहेर पडणाऱ्यानें सावध असावें. रोग्याच्या उशाशीं रात्रभर बसणाऱ्यास जें कळतें तें ह्या यंत्रांत नाहीं.

हीच विद्या उलट दिशेनेंही चालते, हें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील सिअॅटल शहरांत हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन ह्यांनीं भाजलेल्या रोग्यांसाठीं 'स्नोवर्ल्ड' नांवाचें आभासी जग तयार केलें. त्यांत सर्वत्र बर्फ असून रोगी बर्फाचे गोळे फेंकीत पुढें जातो. जखमा धुवावयाच्या वेळीं हा चष्मा लाविला असतां रोग्यांस वेदना पुष्कळ कमी जाणवल्या, असें त्यांच्या २००० सालापासून प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. तेथें बर्फ खोटा, पण मिळालेला आराम खरा. खोट्या बर्फाचा आराम जर आपण खरा मानतों, तर खोट्या विस्तवाची आग खरी नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

ह्याच्या अगदीं उलट गोष्ट जर्मनींतील कोलोन शहरांत झाली. २००१ सालीं तेथील दोघां कलावंतांनीं 'पेनस्टेशन' म्हणजे वेदनेचें ठाणें, असा एक खेळ तयार केला. दोघांनीं समोरासमोर उभें राहून पडद्यावर चेंडूचा खेळ खेळावयाचा, आणि डावा हात एका जागीं टेकून ठेवावयाचा. चेंडू चुकला कीं त्या हातास चटका, विजेचा झटका किंवा लहानशा चाबकाचा फटका बसतो. जो प्रथम हात उचलील तो हरला. येथें हात कोणी बांधलेला नाहीं. परंतु चारचौघांत हरण्याची लाज दोरीहून घट्ट बांधिते. आपल्या गांवचे तरुण पैजेखातर काय काय सोसतात हें आपण पाहतोंच. 'तो आपखुशीनें सोसतो' असें म्हणून बाजूस होणाऱ्यानें, ती खुशी कोणीं व कशी मिळविली हेंही पाहिलें पाहिजे.

ह्या सर्वांवरून तीन कसोट्या निघतात. पहिली ही कीं, बंद करण्याची कळ सोसणाऱ्याच्या हातीं असावी, आणि ती दाबण्यांत त्यास लाज किंवा नुकसान नसावें. दुसरी ही कीं, ज्यास 'नाहीं' म्हणतां येत नाहीं त्याच्यावर हा प्रयोग होऊं नये. लहान मूल 'नाहीं' म्हणूं शकत नाहीं. कैदी म्हणूं शकत नाहीं. आणि ज्याच्या घरीं चूल पेटलेली नाहीं असा मनुष्य चार पैशांसाठीं हात पुढें करितो, त्याचें 'होय' हेंही पुरतें 'होय' नव्हे. तिसरी ही कीं, वेदना सोसणाऱ्याच्या किंवा दुसऱ्या दुःखिताच्या हितासाठीं असावी. डॉक्टर सुई टोंचितो तो आपल्या करमणुकीसाठीं टोंचीत नाहीं. संशोधकांनीं जाळीवर हात ठेवविले ते बऱ्या न होणाऱ्या वेदनांचें कारण सांपडावें म्हणून. केवळ मौज म्हणून दुसऱ्याचें कण्हणें ऐकणारा मनुष्य स्वतःच्या मनास जें वळण लावितो, तें यंत्र बंद केल्यावर बंद होत नाहीं.

दुसऱ्या कसोटीविषयीं आणखी एक भय आहे तें उघड सांगितलें पाहिजे. वळ न उठवितां छळ करणें ही जुलमी लोकांची जुनी इच्छा आहे. कारण वळ नसला म्हणजे फिर्यादीस पुरावा राहत नाहीं. कोमट व गार पट्ट्यांची आग मागें कांहींच खूण ठेवीत नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं १९८४ सालीं केलेल्या छळविरोधी करारांत तीव्र शारीरिक किंवा मानसिक वेदना हीच छळाची खूण मानिली आहे. अंगावरील व्रण नव्हे. भारतानें १९९७ सालीं त्यावर सही केली, परंतु त्यास अंतिम मान्यता अद्याप दिलेली नाहीं. ज्या काळीं वेदना देण्याचीं साधनें खुणा न ठेवणारीं होत आहेत, त्या काळीं व्रण पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची आपली जुनी संवय जुलमी मनुष्याच्याच पथ्यावर पडेल.

गांवोगांवीं सेवा करणाऱ्या बंधुभगिनींनो, दूरदेशच्या यंत्रांवर आपली सत्ता चालत नाहीं, हें खरें. पण आपल्या दाराशीं येऊन 'मला दुखतें' असें सांगणाऱ्यास काय उत्तर द्यावें, हें आपल्या हातीं आहे. औषध आपल्याजवळ नसेल. कारणही कळणार नाहीं. तरी त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणें, त्यास दवाखान्यापर्यंत सोबत करणें, आणि घरच्यांनीं त्यास ढोंगी ठरविलें असेल तर त्याच्या बाजूनें दोन शब्द बोलणें, एवढें प्रत्येकास करितां येईल. व्रण कोठें आहे हें डॉक्टर पाहील. आपण आधीं त्या मनुष्याजवळ बसावें आणि त्याचें ऐकून घ्यावें.